प्रकाशनाच्या वाटेवर

नांदेड-लातूरकडच्या स्वतंत्र कादंबरीकाराचं मोठेपण जोखायचं असेल तर त्याची कादंबरी वाचू नये. तसं धाडस फारसं कुणी करतही नाही. पुस्तक उलटं धरावं आणि मागून पानं चाळत यावं. तिथे एक यादी असते. वरच्या भागात ‘लेखकाची प्रकाशित साहित्यसंपदा’, म्हणजे एक कवितासंग्रह, एक कथासंग्रह आणि आपण हातात धरलेली हीच कादंबरी. खालच्या भागात ‘प्रकाशनाच्या वाटेवर’. तिथे मुक्तिसंग्रामावरची महाकादंबरी, भूकंपावरची कादंबरी, दुष्काळावरची त्रिखंडात्मक कादंबरी (तिन्ही खंडांना वेगवेगळे क्रमांक देऊन), एक ऐतिहासिक, एक ‘वेगळ्या वाटेची’ आणि सगळ्यात शेवटी ‘आत्मकथन, लेखन चालू’. वर तीन नोंदी, खाली आठ. शहाणी माणसं या खालच्या भागाला हसतात. आमचं म्हणणं असं, की हसायचंच असेल तर वरच्या भागाला हसावं. आगामी कादंबरी हीच आपल्याकडच्या स्वतंत्र कादंबरीकाराची मुख्य निर्मिती आहे आणि छापून झालेली कादंबरी हा मधेच घडलेला खर्चिक अपघात आहे. विधान धाडसाचं वाटेल, पण पुरावे भक्कम आहेत. त्यातले काही तर दिवाणाखाली गठ्ठ्यांनी पडलेले आहेत.

आधी स्वतंत्र कुणाला म्हणायचं ते ठरवू. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाने ज्याचं हस्तलिखित परत पाठवलं तो स्वतंत्र, अशी एक व्याख्या होती, पण ती जुनी झाली. परत पाठवायला टपालखर्च पडतो, म्हणून हल्ली प्रकाशक काहीच पाठवत नाही. दीड-दोन वर्षं पोस्टमनकडे आशेने बघून झाल्यावर जो भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतो, तो स्वतंत्र. पेशाने तो बहुधा शिक्षक किंवा प्राध्यापक असतो. नसला, समजा तहसिलात अव्वल कारकून असला किंवा एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक असला, तरी पहिलं पुस्तक आलं की गाव त्याला ‘सर’ म्हणायला लागतं. बहुतेक वेळा त्या पुस्तकाची तेवढीच प्राप्ती असते. मार्सेल प्रूस्तनेसुद्धा १९१३ साली आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड पदरचे पैसे घालून छापून घेतला होता, हे त्याला तोंडपाठ असतं. घरात पैशांचा विषय निघाला की तो प्रूस्तला पुढे करतो. ‘पॅरिसला जे झालं ते अहमदपूरला का होऊ नये?’ या प्रश्नाला अजून तरी कुणाच्या बायकोने समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. ती फक्त पासबुक दाखवते.

पहिला पुरावा थेट छापखान्यातला. पुस्तक पानापानाने छापत नाहीत, फर्म्याने छापतात, आणि सोळा पानांचा एक फर्मा होतो. कादंबरी १८९ पानांत संपली, शीर्षक, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश अशी दहा पानं वर धरली, की होतात १९९. बारा फर्मे घेतले तर १९२ पानं, म्हणजे सात पानं कादंबरी बाहेर लोंबते. तेरा घेतले तर २०८, म्हणजे नऊ पानं कोरी. छापखान्यातून फोन येतो. ‘सर, नऊ पानं कोरी राहायलीत. काय टाकू?’ ‘राहू द्या की कोरी.’ ‘राहू देतो, पण पैसे तेरा फर्म्याचेच लागतेत.’ पैसे मोजून कोरा कागद घ्यायचा, हे कास्तकाराच्या पोराला पटणं शक्य नाही. मग तीन पानं लेखकाचा परिचय, दोन पानं मान्यवरांचे अभिप्राय आणि एक पान पुरस्कार. त्यात शाळेत असताना मिळालेलं तालुकास्तरीय वक्तृत्वाचं उत्तेजनार्थसुद्धा धरलेलं असतं. उरली तीन पानं. प्रकाशित पुस्तकांची यादी कितीही ठळक टायपात लावली तरी अर्ध्या पानापुढे सरकत नाही. अडीच पानं भरायची कशाने? इथे महाकादंबऱ्यांचा जन्म होतो. थोर साहित्याच्या मुळाशी थोर वेदना असते असं समीक्षक सांगतात. आमच्या भागात बऱ्याचदा बाइंडिंग असतं. प्रस्तुत लेखकाच्या नावावरही अशी अडीच पानं जमा आहेत. विषयातला अधिकार सिद्ध व्हावा एवढ्यासाठीच हा उल्लेख.

दुसरा पुरावा हिशेबाचा. छापलेली कादंबरी म्हणजे अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, कागद, छपाई, मुखपृष्ठ, बांधणी आणि वर प्रकाशन समारंभ. समारंभाचा खर्च पुस्तकापेक्षा कमी आला तर समारंभ पडला असं समजतात. समजा तीनशे प्रती काढल्या. त्यातल्या व्यासपीठावर बसलेल्यांना द्याव्या लागतात, आणि व्यासपीठ लांबलचक असतं. सूत्रसंचालकाला द्यावी लागते, फोटो काढणाऱ्याला द्यावी लागते, हॉलची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला तर आधी द्यावी लागते. मग राज्यस्तरीय पुरस्कार. प्रत्येकाला दोन, तीन, कुणाला चार प्रती, शिवाय प्रवेशशुल्क. आपल्याकडे ज्या गावात एसटी मुक्कामी असते त्या गावात निदान एक राज्यस्तरीय पुरस्कार असतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात धाडायची असते. ही मात्र तो हौसेने धाडतो, कारण मग ‘माझी कादंबरी कोलकात्यात आहे’ असं चारचौघांत सांगता येतं. सोयऱ्याधायऱ्यांना ‘सस्नेह भेट’. विकत किती गेल्या हा प्रश्न पाहुण्याला पगार विचारण्याइतका असभ्य समजतात. राहिलेल्या दिवाणाखाली. ‘उन्हाळ्यात पाहुणे येणार आहेत, ते गठ्ठे उचला तिथले.’ ‘ते गठ्ठे नाहीत, आवृत्ती आहे.’ पुढच्या परिचयपत्रात याच कादंबरीसमोर ‘पहिली आवृत्ती समाप्त’ असं येतं. त्यात खोटं काही नसतं. वाळवीने समाप्त केली तरी समाप्तच म्हणायचं.

आता याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आगामी कादंबरी टाकून बघा. तिला कागद लागत नाही. तिच्यात मुद्रणदोष नाहीत. तिची प्रत फुकट मागायला कुणी येत नाही. तिच्यावर ‘लेखकाला भाषेचा सूर सापडलेला नाही’ असं कुणी लिहीत नाही. शिवाय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पण ती पहिल्या पुस्तकापुरती. सरकारलाही ठाऊक आहे की पहिलं पुस्तक होऊन जातं, त्याला अटकाव करता येत नाही. दुसऱ्यापासून आपला खिसा आणि आपण. म्हणून शहाणा कादंबरीकार दुसरी कादंबरी आगामी ठेवतो, तिसरीही ठेवतो आणि चौथीपासून त्याला त्याची गोडी लागते.

पण हा पैशाचा मुद्दा झाला. त्यापेक्षा मोठा मुद्दा इज्जतीचा आहे. वजिराबादेत चहाच्या टपरीवर किंवा गंजगोलाईत पानाच्या दुकानापाशी कादंबरीकार भेटला तर बोलणं कसं होतं ते आठवा. ‘सर, काय लिव्हायलाव सध्या?’ ‘मुक्तिसंग्रामावर एक मोठं काम चालू आहे.’ ‘लई मोठं?’ ‘आठशे पानं तरी जातील.’ ‘आबाबाबा!’ आणि चहाचे पैसे समोरचा देतो. आता हाच माणूस छापलेल्या कादंबरीवर घसरला तर बघा. ‘माझी मागची वाचली का?’ ‘हे काय सर, सुरूच हाय. अर्ध्यात आलो. बस लागली वाटतं, निघतो.’ आणि चहाचे पैसे सरांना द्यावे लागतात. म्हणजे छापलेल्या कादंबरीने माणूस उठून जातो आणि न छापलेलीने तो बसतो, ऐकतो, पाघळतो. सभेतही तेच. परिचय करून देणारा प्रकाशित पुस्तकांची नावं धडाधड वाचून मोकळा होतो आणि ‘सध्या सर एका बृहद् कादंबरीच्या लेखनात व्यग्र आहेत’ या वाक्याला आवाज खाली आणतो. टाळ्या त्याच वाक्याला पडतात. प्रमुख पाहुणे ‘हे पुस्तक मला आज सकाळीच मिळालं’ म्हणून सुरुवात करतात आणि ‘सरांकडून अपेक्षा वाढल्या आहेत’ म्हणून संपवतात. अपेक्षा नेहमी पुढच्या पुस्तकाकडून वाढतात. हातातल्या पुस्तकाकडून वाढल्याचं ऐकिवात नाही.

हे फक्त आमच्या भागाचं वैगुण्य आहे असं कुणी समजू नये. मराठीतल्या सगळ्यात गाजलेल्या न छापलेल्या कादंबरीचं उदाहरण थेट भालचंद्र नेमाड्यांचं आहे, आणि ते तर काही काळ औरंगाबादेत, म्हणजे आमच्याच विद्यापीठात, शिकवायला होते. ‘झूल’ १९७९ ला आली. त्यानंतर ‘हिंदू’ आली ती २०१० ला. मधल्या एकतीस वर्षांत किती पिढ्यांनी ‘नेमाडे हिंदू लिहितायत’ हे वाक्य एकमेकांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. त्या काळात त्या कादंबरीबद्दल वाईट बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. ज्याने ‘कोसला’ अर्धवट सोडली होती तोही ‘हिंदू’बद्दल आदराने बोलायचा. मग ती छापून आली आणि दुसऱ्या दिवसापासून भांडणं लागली. कुणाला ती फार लांब वाटली, कुणाला फार पसरट, कुणाला शीर्षकच खुपलं. तरी नेमाड्यांचा अनुभव दांडगा. ही चार भागांतली पहिली आहे हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे भांडणारेही भांडता भांडता पुढचे भाग कधी येणार ते विचारत राहिले. आमच्या सरांना या घटनेतून काय बोध झाला म्हणता? त्यांनी आपली त्रिखंडात्मक कादंबरी चतुष्खंडात्मक केली.

अजून मागे गेलं तरी तेच. ह. ना. आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली ती ‘करमणूक’ साप्ताहिकातून, हप्त्याहप्त्याने, आणि ‘करमणूक’ सुरू झालं १८९० ला. म्हणजे मराठी वाचकाला कादंबरीची चटक लागली तीच मुळी ‘पुढे चालू’ या दोन शब्दांनी. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या, आणि त्यांच्या थोरवीतून त्यापायी कुणी गुण कापले नाहीत. परदेशातही फार वेगळं नाही. अमेरिकेत जॉर्ज मार्टिन यांच्या राजेरजवाड्यांच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ ला आला आणि तेव्हापासून सहावा यायचाय. त्या न आलेल्या भागावर जेवढी चर्चा होते तेवढी आलेल्या पाचांवर मिळून होत नाही. रशियात गोगोलने ‘डेड सोल्स’चा दुसरा भाग लिहिला आणि १८५२ साली मरणाआधी थोडे दिवस जाळून टाकला. आमचा कादंबरीकार याच्या एक पाऊल पुढे आहे, तो जाळण्याजोगं काही मागे ठेवतच नाही. पण सगळ्यात बोलकी गोष्ट ट्रुमन कपोटीची. एका बड्या कादंबरीचा करार त्याने १९६६ ला केला आणि १९८४ ला मरेपर्यंत ती संपली नाही. एवढ्यावर थांबला असता तर सुखात मेला असता. पण त्याला मधेच दुर्बुद्धी झाली आणि १९७५-७६ च्या सुमाराला त्याने त्यातली काही प्रकरणं मासिकात छापू दिली. न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत मैत्रिणींनी त्यात आपल्याला ओळखलं आणि घरांचे दरवाजे बंद केले. आपल्याकडे श्रीमंत मैत्रिणी नसतात, चुलते असतात. धुऱ्यावरच्या भांडणाचं प्रकरण छापून आलं की चुलता पहिल्यांदा आणि शेवटचं पुस्तक वाचतो, आणि ज्या धुऱ्यावर नुसती बोलाचाली होती तिथे मोजणी मागवली जाते. हाच प्रसंग आगामी कादंबरीत असता तर चुलत्याने उलट विचारलं असतं, ‘आमचं बी काही घ्या की त्यात.’

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणकारांकडून. ते म्हणतात, ‘मग रा. रं. बोराडे?’ आक्षेप वजनदार आहे. बोराडे लातूरजवळच्या काटगावचे. ‘पाचोळा’ १९७१ ला आली. एका शिंप्याच्या घराची राखरांगोळी, त्याच्या बायकोच्या तोंडून, गावच्या बोलीत, आणि पुस्तक असं बारीक की आमच्या सरांच्या ऋणनिर्देशात मावावं. तिला खंड नाहीत, तिच्यापुढे ‘महा’ नाही. परभणीचे बी. रघुनाथ घ्या. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकुनी केली, उणंपुरं चाळीस वर्षांचं आयुष्य, १९५३ च्या सप्टेंबरात कचेरीतच देह ठेवला, आणि एवढ्यात कविता, कथा आणि एकामागून एक कादंबऱ्या लिहून गेले. अलीकडचं पाहिजे तर उदगीरचे प्रसाद कुमठेकर आहेत, त्यांची ‘बगळा’ उदगिरी बोलीत येते आणि वाचणाऱ्याला उदगीरला नेऊन सोडते. ही सगळी उदाहरणं खरी आहेत आणि म्हणूनच ती आमच्या बाजूची आहेत. ही माणसं लिहून टाकतात. लिहून टाकलं की आगामी काय उरतं? टपरीवर सांगायला त्यांच्याकडे काही शिल्लक राहत नाही. बोराड्यांना कुणी ‘काय चालू आहे’ म्हणून विचारलं असतं तर त्यांना छापलेलं पुस्तक पुढे करावं लागलं असतं, आणि आपण वर पाहिलं की पुस्तक पुढे केलं की बस लागते. ही मंडळी मोठी खरीच, पण आम्ही ज्या कलेबद्दल बोलतोय तिच्यात ती कच्ची.

दुसरा आक्षेप नीतीचा. ‘जे लिहिलंच नाही त्याला प्रकाशनाच्या वाटेवर म्हणणं ही लबाडी नाही का?’ यात लबाडी कसली? लातूर रोड नावाचं रेल्वेचं जंक्शन आहे. तिथे उतरलेल्या परक्या माणसाला वाटतं लातूर आलं. लातूर तिथून अजून तीसेक किलोमीटर. म्हणून रेल्वेला कुणी लबाड म्हटलेलं नाही. नाव दिशेचं आहे, पोचल्याचं नव्हे. कादंबरीकाराची दिशा तर पक्की असते. त्याला कादंबरी सुरुवातीपासून शेवटापर्यंत ठाऊक असते आणि तुम्ही दोन तास काढलेत तर तो ती संवादांसकट सांगतो. ज्यांनी ऐकलीय ते म्हणतात की ऐकायला छापलेल्यांपेक्षा पुष्कळ बरी वाटते. राहिला प्रश्न तो ती लिहून का काढत नाही याचा. याला तो जबाबदार नाही, मराठवाड्याचा इतिहास जबाबदार आहे.

कसा ते बघा. इथे विषय कमी नाहीत, उलट कादंबरीकाराला उसंत मिळू नये अशी विषयांची रीघ आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातुरात वकिली करायचा, म्हणजे खलनायकसुद्धा घरचा, बाहेरून आणायला नको. या विषयावर टिपणं काढता काढता १९७२ चा दुष्काळ पडला. सरांच्या वडिलांनी रोजगार हमीवर दगड फोडले, तेव्हा तो विषय सोडणं पाप. दुष्काळाचा आराखडा होतोय तोवर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. दुसऱ्या वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ झालं आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याची कादंबरी समोर उभी राहिली. तेवढ्यात लातूर पॅटर्न गाजला, गल्लोगल्ली क्लासेस आले, आणि खोली करून राहणाऱ्या पोरापोरींची कादंबरी हाका मारू लागली. सरांनी मोठ्या निग्रहाने सगळं बाजूला ठेवून दुष्काळाच्या पहिल्या खंडाला हात घातला, तर २०१६ चा एप्रिल उजाडला आणि मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी निघाली. पन्नास हजार लिटरची एक वाघीण, अशा दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आता हे टाळून दुष्काळाची कादंबरी लिहायची म्हणजे वाचकांनी विचारलं असतं. म्हणून आणखी एक खंड वाढला. त्याचं पहिलं प्रकरण गाडी मिरजेहून सुटते इथपर्यंत झालं आहे. खरी गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. कादंबरीतली अजून पोचायचीय. पण घाई करून उपयोग काय? पाऊस दरसाल हुलकावणी देतो, तेव्हा खंड किती होणार हे शेवटी वेधशाळेच्या हातात आहे.

तिसरा आक्षेप तरुणांचा. ते म्हणतात, ‘काका, कागद गेला आता. मोबाइलवर टाका, किंडलवर टाका, प्रतिलिपीवर टाका, एक रुपया खर्च नाही.’ टाकली. पुष्कळांनी टाकली. काय झालं? पहिल्या भागाखाली अभिप्राय आला, ‘खूप छान, पुढचा भाग कधी?’ दुसऱ्या भागाखाली आला, ‘छान, पुढचा भाग लवकर टाका.’ सतराव्या भागात नायिका मेली, त्याखाली आला, ‘मस्त, पुढचा भाग?’ एकोणिसाव्याला कादंबरी संपली आणि ‘समाप्त’ असं लिहिलं. त्याखाली कुणी काही लिहिलं नाही. चार दिवसांनी एकाने विचारलं, ‘पर्व दुसरं कधी सुरू करताय?’ तंत्र नवं आलं पण वाचक तोच हरिभाऊंचा, त्याचं प्रेम पुढच्या भागावर. आमचा सिद्धांत यंत्राने तपासून बरोबर निघाला एवढंच यातून सिद्ध झालं.

प्राध्यापकांच्या बाबतीत आणखी एक आक्षेप घेतात, पण त्याला फार वेळ देण्यात अर्थ नाही. २०१० च्या नियमांनी बढतीसाठी गुणांचा तक्ता आणला, पुस्तकाला गुण आले, आणि पुस्तकाला तेरा आकडी आयएसबीएन असला की वजन आलं. तो दिल्लीहून फुकट मिळतो, मराठी कादंबरीच्या सबंध कारभारात फुकट मिळणारी हीच एक वस्तू. कादंबरीला गुण द्यायचे की नाहीत यावर समित्या घोळ घालत राहिल्या आणि तोवर बऱ्याच जणांनी कादंबऱ्या छापून टाकल्या. या मंडळींनी आगामी यादीची शिस्त मोडली हे खरं, पण ती पोटासाठी. निवृत्त झाले की ते मूळ परंपरेत परत येतात.

या याद्यांत बायकांची नावं का दिसत नाहीत, असंही एकीने विचारलं म्हणतात. कारण उघड आहे. तिला चहाच्या टपरीवर ‘काय लिव्हायलाव?’ असं कुणी विचारत नाही, म्हणून उत्तर तयार ठेवायची तिला गरज पडत नाही. दुपारी भांडी आटोपली की ती वही काढते आणि लिहून मोकळी होते. तिचं पुस्तक आल्यावर लोक नवऱ्याला विचारतात, ‘तुम्हीच लिहून दिलं का?’ आणि नवरा नाही म्हणायला पुरेसा वेळ घेतो.

हे सगळं ध्यानात घेऊन आम्ही एक सूचना करत आहोत. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी मिळून एक राज्यस्तरीय आगामी कादंबरी पुरस्कार सुरू करावा. प्रवेशिकेसोबत पुस्तकाच्या प्रती पाठवू नयेत, पाठवल्यास स्पर्धक अपात्र. कादंबरीचं नाव, खंडांची संख्या, अंदाजे पानं आणि मुखपृष्ठाची कल्पना एवढं एका कागदावर पुरे. कादंबरी किमान पाच वर्षं आगामी असल्याचा पुरावा म्हणून मागच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाची सत्यप्रत राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यासह जोडावी. दहा वर्षांहून अधिक काळ आगामी असणाऱ्यांना जीवनगौरव. पुरस्कार घेतल्यावर कुणी कादंबरी खरोखरच छापली, तर शाल, श्रीफळ आणि रक्कम व्याजासह परत घ्यावी. ही कल्पना ऐकून एका कार्यकर्त्याने लगेच अडचण काढली, ‘सगळं ठीक हाय, पण परीक्षक कुठनं आणायचे?’ ते आणायची गरज नाही. सध्याच्या पुरस्कारांचे आहेत तेच ठेवावेत. पुस्तक न वाचता निकाल लावायचा सराव त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला नाही.